चौथा टोनर

देवपूर, धुळे
२१ एप्रिल २०२५

चि. हेमांगी हिला अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र का लिहिले, याचे उत्तर आधी देतो. फोनवर युक्तिवाद पूर्ण होत नाही, कारण दुसऱ्याला मध्येच बोलता येते. एकतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे की मध्येच बोलणाऱ्याचा मुद्दा बहुधा पुढच्याच वाक्यात खोडला जाणार असतो. तो फक्त ते वाक्य येऊ देत नाही.

विषय असा. घरासाठी कलर प्रिंटर घ्यायचे ठरवले आहे. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच. तू ही यंत्रे दुरुस्त करतेस, तेव्हा या विषयापुरते पुतणीचे वचन प्रमाण मानायला काकाची हरकत नसावी. अन्य मते घेतली नाहीत असे नाही. तुझ्या रतिलालकाकाने दीपनगरहून कळवले की शाईच्या टाकीचा घ्या, आमच्या वीज केंद्राच्या ऑफिसात तोच होता. एका ऑफिसात एक यंत्र होते यावरून ते सर्व घरांना योग्य ठरत नाही, असे मी त्याला लिहिले. त्याचे उत्तर आलेले नाही. म्हणजे त्याला पटले.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणावे, असे तुझ्या मोठ्या आईचे मत. पण तिथे आधी फाइल त्याच्या मोबाइलवर पाठवायची, मग ती तो वाचणार आणि मग अभिप्राय देणार. मागे महापालिकेला द्यायच्या माझ्या निवेदनावर तो म्हणाला, "सर, थोडं लांबलंय." निवेदन सहा पानांचे होते आणि विषय गटार हा होता.

माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. यंत्र महिनोन्महिने न वापरता राहिले तरी बिघडू नये. निरनिराळ्या रंगांतली अक्षरे स्पष्ट यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, छापलेल्या कागदावर हळदीकुंकवाचे पाणी पडले तरी अक्षर फुटू नये. प्रयोजन विचारू नये. प्रयोजनाने यंत्राचे गुणधर्म बदलत नाहीत.

तुझ्या मातोश्री श्रीमती कमलबाई यांना आशीर्वाद सांगणे.

पितांबर


मेहरूण, जळगाव
२७ एप्रिल २०२५

ती. स्व. आबांना हेमांगीचा सा. नमस्कार.

लहानपणी मी पाठवलेली पत्रे आपण लाल शाईने तपासून परत पाठवत होता. त्या सवयीने हे पत्र दोनदा वाचून मगच पेटीत टाकते आहे.

आपल्या अपेक्षांना कलर लेझर प्रिंटर उतरतो. शाईचा प्रिंटर वापरात नसला की धुळ्याच्या उन्हाळ्यात त्याची शाई सुकते आणि बारीक छिद्रे बुजतात. माझ्या दुकानात मे-जून महिन्यांत तीच गिऱ्हाइके असतात. लेझरमध्ये शाई नसते, टोनर म्हणजे कोरडी भुकटी असते. ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते, त्यामुळे पाण्याने अक्षर फुटत नाही. कागद भिजेल, अक्षर भिजणार नाही. फोटो मात्र यावर शाईच्या प्रिंटरइतके सुरेख येत नाहीत. घरगुती लेझर ए-फोर आकारापेक्षा मोठा कागद घेत नाही, आणि तो इन्व्हर्टरवर लावायचा नाही. त्यात चार टोनर असतात: निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा.

प्रयोजन विचारू नये असे आपण लिहिलेत, म्हणून विचारत नाही. परंतु किती पाने, किती वेळा आणि कागदावर काय, हे कळल्याशिवाय यंत्राचे नाव सांगता येणार नाही. दुखणे न सांगता औषध मागणाऱ्याला डॉक्टर जेवढे सांगतो, तेवढे वर सांगितले आहे.

हळदीकुंकवाचे पाणी म्हणजे कानबाईचेच असावे. वडील होते तोवर कानबाईच्या सणाचा निरोप आम्हाला येत असे. नाना गेल्यापासून तीन श्रावणांत आला नाही. आई म्हणते, टपालात हरवला असेल. आपले हे पत्र धुळ्याहून तीन दिवसांत आले.

दुकानाच्या वरच घर असल्याने पत्ता चुकण्यासारखा नाही. मोठीआईंना नमस्कार.

आपली,
हेमांगी


देवपूर, धुळे
६ मे २०२५

चि. हेमांगी हिला अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मुद्देसूद आहे. शेवटचा परिच्छेद विषयाबाहेरचा आहे, तरी त्याचे उत्तर या पत्रात ओघाने येईल.

प्रयोजन सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या कुळाची कानबाई माझ्या घरी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजला जातो. ज्याच्या नावाने गहू, त्याला त्याच्या वाटचा रोट. तो परकुळातल्या माणसाने खायचा नाही, कुळाच्या घराबाहेर न्यायचा नाही आणि उरू द्यायचा नाही. हे तुला ठाऊक आहे. युक्तिवादात गृहीतके मांडावी लागतात म्हणून लिहिले. गेल्या वर्षी गहू मोजताना चुडामणने दोन मुठी जास्त टाकल्याचे माझ्या लक्षात आले. का, असे विचारता तो म्हणाला, "अंदाजे." कुळ अंदाजे नसते. म्हणून मी सात पिढ्यांची वंशावळ सिद्ध केली आहे. बारा पाने जोडून एक तक्ता होतो. असे अडतीस तक्ते अडतीस घरांत जातील, आणि यापुढे गहू तक्ता वाचून मोजला जाईल.

तुझ्या चार टोनरांनी माझे काम सोपे केले. आम्ही भाऊही चार. मला निळा, चुडामणला गुलाबी, अभिमनला पिवळा, रतिलालला काळा, अशी योजना केली. ज्याची शाखा, त्याच्या वंशजांची नावे त्याच्या रंगात. ज्या शाखा संपल्या त्या करड्या अक्षरांत.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. प्रतिज्ञा: अभिमनची शाखा संपली आहे. हेतू: कारण त्याला पुत्र नाही. उदाहरण: जिथे पुत्र नाही तिथे शाखा संपते, जसे आपल्या पणजोबांचे धाकटे बंधू. उपनय: अभिमनचेही तसेच आहे. निगमन: म्हणून अभिमनची शाखा संपली आहे. सबब त्याचे नाव करड्या अक्षरांत येईल, त्याच्या नावे गहू मोजला जाणार नाही, आणि निरोप टपालात हरवलेला नाही.

यात भावनेचा काही प्रश्न नाही. अभिमन माझा सख्खा भाऊ होता. पंचावयवी वाक्यात त्याला मी पणजोबांच्या भावाच्या शेजारी बसवले आहे, हा मानच आहे.

तरी करडा रंग स्वच्छ आणि सारखा उमटवणारे यंत्र कोणते, ते कळव.

पितांबर


मेहरूण, जळगाव
१५ मे २०२५

ती. स्व. आबांना सा. नमस्कार.

करड्या रंगाविषयी. कलर लेझर करडा रंग चारही टोनर मिसळून करतो. तसे नको असेल तर छापताना 'फक्त काळा' हा पर्याय निवडावा. मग करडा थोडा फिका येतो. यंत्राचे नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे. रंगांपैकी पिवळा अक्षरांसाठी कधीही वापरू नये. पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरे वाचता येत नाहीत. यंत्राबरोबर येणारे टोनर अर्धेच भरलेले असतात, तेव्हा चारही रंगांचे जादा टोनर आधीच आणून ठेवावेत. चारही.

आता आपल्या हेतूविषयी, कारण तपासणे मी आपल्याकडूनच शिकले. पुत्र नाही म्हणून शाखा संपते, याच्या मुळाशी कन्या परकुळात जाते हे गृहीतक आहे. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. मी कोणत्याही कुळात गेलेली नाही. नानांचे आडनाव माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे. पणजोबांच्या धाकट्या भावाला मुलगीही नव्हती, असे आई सांगते. तेव्हा उदाहरण लागू पडत नाही.

आणखी एक. आपले चिरंजीव भूपेंद्रदादा पुण्याहून कानबाईला येऊन नऊ वर्षे झाली. त्यांचे नाव निळ्या अक्षरांत असेल आणि त्यांच्या नावाचा गहू दरवर्षी मोजला जात असेल. त्यांच्या वाटचा रोट कोण खातो?

आईने हे पत्र वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाली, यंत्र चांगलं सांग हो, त्यांना फसवू नको. म्हणून पुन्हा लिहिते: चारही टोनर.

आपली,
हेमांगी


देवपूर, धुळे
२ जून २०२५

चि. हेमांगी हिला अनेक आशीर्वाद.

यंत्र आले. तू सांगितलेलेच घेतले. तुझ्या मोठ्या आईने त्याला कुंकू लावले आणि ते नको तिथे लागल्याने पहिल्या पानावर एक लाल पट्टा आला. यंत्र इन्व्हर्टरवर लावू नये असे तू लिहिलेस, पण कारण लिहिले नव्हतेस. कारणाशिवाय विधान मी स्वीकारत नाही. आता कारण कळले आहे. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला असून वीज गेली की आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतो.

तुझ्या आक्षेपांची उत्तरे. तू अद्याप परकुळात गेली नाहीस, यावरून तू जाणार नाहीस असे सिद्ध होत नाही. वयाची अट शास्त्रात नाही. भूपेंद्रच्या वाटचा रोट मी खातो. पुत्राच्या वाटचा पित्याने खाणे हे कुळाच्या बाहेर जात नाही. त्याचे येणे न येणे हा अपघात आहे, त्याचे कुळात असणे हा स्वभाव आहे. अपघात आणि स्वभाव यांतला फरक मी प्रथम वर्षाला पहिल्याच आठवड्यात शिकवीत असे.

जादा टोनर मी तीन आणले. पिवळा आणला नाही. कारण सांगतो. पिवळा अभिमनसाठी योजला होता. अभिमनचे नाव करडे झाले. तेव्हा तक्त्यात पिवळ्याला एकही नाव उरले नाही. जे वापरायचे नाही ते साठवणे अविचार आहे. चुडामणच्या आग्रहाने तक्त्याला सजावट केली आहे. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर झेंडूचे तोरण, मध्यभागी कुंकवाने भरलेली कानबाई. तिथेही मी बारकाईने पाहिले. पाने हिरवी, खोड तपकिरी, झेंडू केशरी, कुंकू लाल. पिवळे असे काहीच नाही.

'फक्त काळा' हा पर्याय वापरून पाहिला. अक्षर फारच फिके येते. अभिमनचे नाव अगदीच दिसू नये, असा माझा हेतू नाही. म्हणून करडा चौघांतून होऊ दिला आहे.

पितांबर


(पोस्टकार्ड)
मेहरूण, जळगाव
१० जून २०२५

ती. स्व. आबांना सा. नमस्कार.
पिवळा आणा.
हेमांगी


देवपूर, धुळे
२४ जुलै २०२५

चि. हेमांगी हिला आशीर्वाद.

तुझ्या पोस्टकार्डात प्रतिज्ञा होती, हेतू नव्हता. म्हणून त्यावर कार्यवाही केली नाही. आता पुढील वस्तुस्थिती तुझ्यासमोर ठेवतो.

अकरा तक्ते निर्वेधपणे निघाले. बाराव्याच्या चौथ्या पानाला यंत्र थांबले. पडद्यावर आले की पिवळा संपला आहे. मी काळ्या अक्षरांतले, पूर्ण सजावटविरहित पान छापायला दिले. तेही छापत नाही. निळा भरलेला, गुलाबी भरलेला, काळा काठोकाठ भरलेला, आणि तिघे असूनही यंत्र चौथ्यासाठी अडून बसले आहे. काळ्या मजकुराला पिवळ्याची अपेक्षा नाही. ज्याची अपेक्षा नाही त्याच्या अभावाने कार्य अडणे हे कोणत्याही दर्शनात बसत नाही. शिवाय ज्याला तक्त्यात एकही नाव नव्हते तो सर्वांच्या आधी संपला कसा, हे मला कळलेले नाही. यंत्रात गळती असावी.

तुझी मोठीआई शिरपूरकडची, तिने तिच्या बोलीत निकाल दिला: "एक रुसना का बठ्ठा रुसतस." एक रुसला की सगळे रुसतात, हा युक्तिवाद नव्हे, तरी पडद्यावरचा मजकूर साधारण तोच आहे.

धुळ्यात या यंत्राचा पिवळा टोनर कुणाकडे नाही. आठ-दहा दिवस लागतील म्हणतात. कानबाई तीन ऑगस्टला आहे. तक्ता वाचून गहू मोजायचा हे अडतीस घरांना माझ्या सहीने कळवून झाले आहे. तक्ता नसेल तर चुडामण पुन्हा अंदाजे मोजेल, आणि रतिलाल म्हणेल की शाईचा घ्यायला सांगत होतो.

पिवळ्याला वगळून यंत्र चालवण्याचा उपाय असल्यास कळव. नसल्यास एक टोनर एसटीच्या पार्सलने पाठव.

पितांबर


मेहरूण, जळगाव
२७ जुलै २०२५

ती. स्व. आबांना सा. नमस्कार.

यंत्रात गळती नाही. पिवळ्याला वगळून ते चालत नाही. ते तसेच बनवलेले आहे.

या यंत्रात चारच भुकट्या असतात आणि बाकीचे सर्व रंग त्यांच्या मिश्रणाने होतात, हे मी एप्रिलमध्ये पुरेसे उलगडून लिहायला हवे होते. हिरवे पान म्हणजे निळ्यात पिवळा. कुंकवाचा लाल म्हणजे गुलाबीत पिवळा. झेंडूचा केशरी म्हणजे बहुतेक पिवळाच. केळीच्या खोडाचा तपकिरी म्हणजे सगळेच थोडे थोडे. नानांचे नाव ज्या करड्या अक्षरांत आपण छापले, त्यातही पिवळा आहे. तक्त्यात पिवळ्याला एक नाव नाही, एवढेच खरे. बाकी तक्ताभर तोच आहे.

हे मी केवळ यंत्राविषयी लिहीत आहे. उदाहरणाशिवाय आपण विधान स्वीकारत नाही, म्हणून दोन उदाहरणे देते. १९७१ साली आपण एम.ए.ला पुण्याला गेलात, तेव्हा यावलच्या केळीला पाणी द्यायला नववीतून शाळा सोडून कोण राहिले. रतिलालकाकांना दीपनगरच्या मुलाखतीला जाताना पायातली चप्पल कोणी दिली आणि फैजपूरच्या स्टँडवरून घरी अनवाणी कोण आले. ही उदाहरणे माझी नाहीत. नानांच्या दहाव्याला आपणच ती सगळ्यांसमोर सांगितली होती. मी फक्त लक्षात ठेवली.

प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय हे चार अवयव आपल्याकडे पोचले. पाचवा, निगमन, मी लिहीत नाही. चौथ्यावर थांबलेली उत्तरपत्रिका आपण नापास करत होता, हे मला माहीत आहे.

आपल्या यंत्राचे दोन पिवळे टोनर माझ्या दुकानातल्या कपाटात आहेत. एसटीने पाठवता येतात. पाठवणार नाही. टोनर येईल तर माझ्याबरोबर येईल. मी येईन तर आईबरोबर येईन. आई निरोपाशिवाय कानबाईला जात नाही. यातली कोणतीही पायरी चुकीची असेल तर लाल शाईने कळवावे.

आपली,
हेमांगी


देवपूर, धुळे
२९ जुलै २०२५, नागपंचमी
(हस्ते रतिलाल)

चि. हेमांगी हिला आशीर्वाद.

रतिलाल दीपनगरला परत जाताना जळगावहून जाईल, म्हणून त्याच्या हाती देतो. त्याने पाकीट उघडू नये म्हणून लाख लावली आहे.

तुझ्या पायऱ्या तपासल्या. दोष सापडला नाही. 'शाखा' या पदाची माझी व्याख्या अपुरी होती, असे मान्य करतो. तुझे नाव तक्त्यात अभिमनच्या नावाखाली छापले जाईल, आणि ते अभिमनच्या शाखेसाठी मुळात योजलेल्या रंगात असेल. हा शब्द लेखी देत आहे.

सदर पत्र हाच कानबाईचा निरोप समजून श्रीमती कमलबाई आणि तू शुक्रवारी यावे. टोनर विसरू नये.

पितांबर


(प्रिंटरच्या झाकणावर ठेवलेली चिठ्ठी)
शुक्रवार, १ ऑगस्ट

आबा,

टोनर बसवला आहे. सगळे तक्ते निघतील. दुसराही खणात ठेवला आहे.

नव्याने निघालेला पहिला तक्ता पाहिला. नानांच्या नावाखाली कागद कोरा दिसतो. तिरपा धरून उजेडात पाहिल्यावर माझे नाव सापडले. आपण शब्द पाळला आहे. पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरे वाचता येत नाहीत, हे मी १५ मेच्या पत्रात लिहिले होते, आणि आपण पत्रे जपून ठेवता.

आईला मी यातले काही सांगितलेले नाही. माझ्या दुकानात अर्जंट काम आले, असे म्हणाले आहे. आम्ही साडेचारच्या एसटीने निघतो. मोठीआईंनी बांधून दिलेल्या पुरणपोळ्या घेतल्या आहेत.

हेमांगी


मेहरूण, जळगाव
५ ऑगस्ट २०२५

चि. हेमांगी हिला अनेक आशीर्वाद.

पत्त्याच्या जागी मेहरूण पाहून गोंधळू नकोस. त्याचा खुलासा शेवटी आहे. क्रमाने वाच.

तुझी चिठ्ठी वाचली. तिच्यातले प्रत्येक विधान खरे आहे. १५ मेचे पत्र माझ्या फाइलमध्ये होते, आणि शब्द देण्यापूर्वी मी ते काढून वाचले होते. शब्द पाळला जावा आणि तक्ताही बदलू नये, अशी दोन्ही उद्दिष्टे एका रंगाने साधत होती. त्या वेळी मला ती युक्ती निर्दोष वाटली.

शनिवारी गहू मोजायला बसलो. तक्ता भिंतीवर होता. चुडामण नावे वाचीत होता, रतिलाल मुठी टाकीत होता. माझी शाखा झाली, चुडामणची झाली. अभिमनचे नाव वाचून चुडामण थांबला आणि पुढचे कोरे पाहून रतिलालच्या शाखेकडे वळला. मला त्याला अडवण्याचे कारण नव्हते. तक्ता अचूक होता.

एवढ्यात तुझ्या मोठ्या आईने तक्त्याची पूजा राहिली आहे असे सांगितले. गहू मोजण्याआधी ती करायची असते, मध्ये करायची नसते, हे मी निदर्शनास आणले. ती कुंकवाच्या पाण्याची वाटी घेऊन आली आणि शिंतोडे उडवण्याऐवजी ती सबंध वाटी तक्त्यावर ओतली गेली. नेमकी अभिमनच्या नावाखाली. मी विचारले, हे काय. ती म्हणाली, "मन्हा हात चुकना." शेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिचा हात चुकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कागदाने कुंकू पिऊन घेतले. अक्षराने घेतले नाही. तू एप्रिलमध्ये लिहिले होतेस, कागद भिजेल, अक्षर भिजणार नाही. लाल कागदावर पिवळे नाव असे उमटले की मागे बसलेल्या चुडामणच्या सुनांनीही ते चष्म्याशिवाय वाचले. चुडामणने मोठ्याने म्हटले, "हेमांगी अभिमन." रतिलालने माझ्याकडे न पाहता सव्वा मूठ टाकली.

मग चुडामण सहज बोलल्यासारखे बोलला. "मागच्या साली दोन मुठी अभिमनच्या घरच्या व्हत्या, भाऊ. सांगितलं अस्तं त तुम्ही काढून घेतल्या अस्त्या." हे खरे आहे. मी काढून घेतल्या असत्या. म्हणजे गेल्या वर्षीचे माप अंदाजे नव्हते आणि वंशावळीची गरजच नव्हती. हे निष्पन्न व्हायला मला एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर आणि चार महिने लागले.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले. सोमवारी पांझरेवर विसर्जन झाले. घरी परतल्यावर पाहिले तो सगळ्यांचे रोट संपले होते आणि एकाचा उरला होता. इथे मला पेच पडला. रोट उरू द्यायचा नाही. परकुळातल्याने खायचा नाही. भूपेंद्रच्या वाटचा मी खातो, कारण मी त्याचा पिता आहे. तुझ्या वाटचा खाण्याचा अधिकार एकट्या अभिमनला होता, आणि तो मला वापरता येत नाही. मी रात्रभर नियमांत वाट शोधली. रतिलाल म्हणाला, नदीत सोडून द्या. तो नेहमी शाईच्या टाकीसारखेच उपाय सुचवतो.

शेवटी पुढील वाक्य जुळले. रोट कुळाच्या घराबाहेर नेता येत नाही. हा रोट तुझ्याकडे नेणे भाग आहे. म्हणून तुझे घर हे कुळाचे घर आहे. मी ते सगळ्या बाजूंनी तपासले. त्यात मला कुठे पळवाट सापडली नाही, आणि या वेळी मी शोधलीही नाही. तुझ्या २७ जुलैच्या पत्रातला पाचवा अवयव तो हा.

अडतीस तक्ते नव्याने छापावे लागतील, कारण वाटीभर कुंकू अडतीस वेळा चुकणे कठीण आहे. अभिमनच्या शाखेमागे लाल रंग द्यायचा आहे. लालातही पिवळा लागतो हे आता मला ठाऊक आहे, म्हणून मी पिवळे दोन मागवले आहेत. त्याच्या नावावरचा करडाही काढला. चुडामणच्या दोन्ही मुलींनी आपली नावे कुठे आहेत असे फोनवर विचारले आहे. त्यांना मी लेखी विचारायला सांगितले. त्या लिहितील असे दिसते.

आता पत्त्याचा खुलासा. रोट पार्सलने पाठवायची वस्तू नाही, म्हणून सकाळच्या एसटीने मीच आलो. समोरासमोर बोललो तर तू मध्येच बोलशील, आणि बहुधा तुझाच मुद्दा बरोबर असेल. म्हणून हे पत्र आधी तुझ्या दुकानातल्या माणसाच्या हाती वर पाठवीत आहे. ते सावकाश वाच. कमलबाईंना मोठ्याने वाचून दाखव. १५ मेचा भाग वगळू नकोस.

डबा माझ्याजवळ आहे. वाचून होईपर्यंत मी खाली जिन्यात उभा आहे.

पितांबर